एकोणपन्नास मिलिमीटरचा फिल्टर

इसोमुराच्या दुकानात शोझो कानबे त्या आठवड्यात तिसऱ्यांदा आला, आणि तिसऱ्यांदाही त्यानं काचेच्या कपाटातले तेच चार छोटे कॅमेरे बाहेर काढायला लावले.

"अरे, घेणार आहेस की नुसता हात लावून पवित्र करतोयस?" इसोमुरा म्हणाला.

शोझो कॅमेरे मखमलीच्या तुकड्यावर ओळीनं मांडत होता. दोघांनी ओकायाच्या कारखान्यात, एकाच खोलीत, अडतीस वर्षं भिंगं घासली होती. निवृत्त झाल्यावर इसोमुरानं स्टेशनजवळ जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान टाकलं आणि शोझो त्याचं सगळ्यात चिवट गिऱ्हाईक झाला. तसं ह्या गावात भिंगांविषयी मत नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. न्हावीसुद्धा दाढी करता करता कुठलं भिंग कोपऱ्यात मऊ पडतं ते सांगतो. पण शोझोचा कीस काढण्याचा गुण काही औरच होता.

पहिल्या कॅमेऱ्याला लांबचं जवळ आणणारं भिंग होतं, पण उजेड कमी झाला की चित्रात रवा सांडायचा. दुसऱ्याला ती सोय नव्हती. जेवढं दिसतं तेवढंच, फार तर दोन पावलं पुढे जा. मात्र त्याचं चित्र स्वच्छ होतं आणि तो हाताच्या पंजात मावायचा. तिसऱ्याला डोळा लावून बघायची खिडकी होती आणि त्यापायी त्याचं पोट सुटलं होतं. चौथा स्वस्त होता. त्याच्या चिठ्ठीवर इसोमुरानं प्रामाणिकपणे 'ब' दर्जा लिहिला होता.

"ह्याच्या भिंगात धूळ आहे," शोझो म्हणाला.

"एक कण आहे."

"एक म्हणजे आहेच की."

"बाबा रे, तुझ्या डोळ्यात त्याहून जास्त असेल. घरी तो तोफखाना पडलाय, तीन भिंगं, तिकाटणं. आता हे खेळणं कशाला? खांदा दुखतो का?"

"खांद्याला काय धाड भरलीय! खिशात मावला पाहिजे. काढेपर्यंत दिसता कामा नये."

"चोरीबिरी करणार आहेस?"

शोझोनं दुसरा कॅमेरा उचलला, खिशात घालून पाहिला, पुन्हा बाहेर काढला. "मित्सुएचा फोटो काढायचाय," तो म्हणाला.

इसोमुराची थट्टा तिथल्या तिथे विरली. त्यानं उरलेले तीन कॅमेरे कपाटात ठेवले.

मित्सुए ही शोझोची बायको. कागदावर अजूनही बायकोच. पण चार वर्षांपूर्वी एक बॅग भरून ती समुद्राकाठी चिबाला धाकट्या बहिणीकडे, फुसाएकडे, गेली होती. भांडण नाही, तंटा नाही, दुसरा पुरुष नाही की दुसरी बाई नाही. जाण्याचं कारण तिनं एका वाक्यात सांगितलं होतं, आणि ते ऐकून शोझोला वाटलं होतं, एवढ्याशा गोष्टीवरून कुणी घर सोडतं का?

गोष्ट अशी, की शोझोला माणसं नसलेले फोटो आवडायचे. तळी, डोंगर, धुक्यातली लार्चची झाडं. दर रविवारी तो भल्या पहाटे निघायचा आणि मित्सुए त्याच्याबरोबर जायची. चहाचा थर्मास तिच्याकडे, भाताच्या मुटक्यांचा डबा तिच्याकडे, फिल्टरांची पेटीही तिच्याकडे. तो हात पुढे करायचा आणि ती नेमका हवा तो फिल्टर त्याच्या तळव्यावर ठेवायची. मग तो चौकटीत डोळा घालून म्हणायचा, "जरा बाजूला हो." ती बाजूला व्हायची. कधी पाण्यात तिची सावली उरायची, कधी तिच्या जांभळ्या जाकिटाचा रंग लाटेवर हलत राहायचा. त्यावर शोझोकडे उपाय होता. चकाकी घालवणारा फिल्टर लावायचा आणि त्याची कडी हळूहळू फिरवायची. एका ठिकाणी पाण्यावरचं सगळं प्रतिबिंब पुसलं जातं आणि तळातले दगड दिसायला लागतात. ते दगड दिसले की शोझोला धन्य वाटायचं. त्याच्या दगडांना जिल्ह्याच्या प्रदर्शनात दोनदा बक्षीस मिळालं होतं.

जाण्याच्या दिवशी मित्सुए बूट घालता घालता म्हणाली होती, "चाळीस वर्षं जरा बाजूला हो म्हणत होतात ना? झाले."

त्यानंतर शोझोनं कपाटातल्या सगळ्या पेट्या उपसल्या. लग्नाचा स्टुडिओतला एक फोटो सोडला, तर मित्सुए कुठेही नव्हती. एका तळ्याच्या कडेला तिच्या थर्मासचं झाकण तेवढं सापडलं. त्या झाकणाकडे बघत शोझो स्वयंपाकघरात जमिनीवर बसला आणि रडला. गावात हे कुणाला माहीत नाही.

ती वर्षातून एकदा यायची. शरदात दिवस-रात्र सारखे होतात त्या आठवड्यात लोक पितरांच्या थडग्यांवर जातात. मित्सुएचा सासूवर जीव होता आणि सासूचाही तिच्यावर. नवऱ्याला सोडलं तरी सासूला तिनं सोडलं नव्हतं. सकाळच्या गाडीनं यायची, थडगं धुवायची, दुपारच्या गाडीनं परत. त्या पाच-सहा तासांसाठी शोझो वर्षभर जगायचा, हे त्याला कुणी तोंडावर म्हटलं असतं तर त्यानं कबूल केलं नसतं. पण ह्या वर्षी तिनं फोनवर सांगितलं होतं: गुडघे बोलायला लागलेत, एवढा प्रवास आता झेपत नाही, यंदाचं शेवटचं, पुढच्या वर्षीपासून थडग्याचं तुम्ही बघा.

म्हणून हा कॅमेरा. फोटो तर हवाच होता, पण फोटो काढता काढता तो तिला एक गोष्ट विचारणार होता: मी चिबाला येऊ का? नुसता भेटायला नव्हे. राहायला. चार शब्दांचा प्रश्न, पण चार वर्षांत तो त्याच्या घशाच्या वर आला नव्हता. हातात कॅमेरा असला की आपल्याला बोलायचा धीर येईल असं त्याला वाटत होतं.

"दुसरा घे," इसोमुरा म्हणाला. "माणसासाठी तोच बरा. लांबून काढता येत नाही, जवळ जावंच लागतं."

"बरं. आणि त्याला फिल्टरसाठी पुढे बसणारी नळी दे. आणि चकाकीचा फिल्टर. एकोणपन्नासचा."

इसोमुरानं कपाळावर हात मारला. "अरे देवा! माणसाचा फोटो काढायचाय म्हणतोस आणि तो कशाला? चेहऱ्यावरचं तेज जातं त्यानं, बाई मातीची दिसते. तुला मऊ करणारा देतो, धुक्याचा. सुरकुत्या पुसतो. बायका खूश होतात."

"सुरकुत्या राहू देत. चार वर्षांत नवीन पडल्या असतील, त्या मी नीट बघितल्या कुठायत?"

"मग चकाकीचा कशाला?"

"ती चष्मा लावते. उजेडात काचांवर आभाळ येतं. डोळे दिसत नाहीत."

इसोमुरानं खालचा खण उघडला, फिल्टर काढला, उजेडात धरला, फुंकर मारली, पुसला. "ह्याचे पैसे नकोत," तो म्हणाला. "पण एक ऐक. नळी आणि फिल्टर लावलास की तो खिशात मावणार नाही. दोन्ही वेगळं ठेव. आणि बसवायला वेळ लावू नकोस. माणूस तळ्यासारखा थांबत नाही."

पुढचे दहा दिवस शोझोनं सराव केला. आयुष्यात माणसाचा फोटो न काढलेला माणूस, त्याला कळेना की तोंड कुठे ठेवायचं. त्यानं आधी वाटेवरच्या दगडी जिझोदेवाचे फोटो काढले, कारण तो हलत नाही. मग टोफूवाल्या बाईंना विचारलं. त्या पदराला, म्हणजे त्यांच्या एप्रनला, हात पुसून उभ्या राहिल्या आणि तीन मिनिटांनी म्हणाल्या, "कानबेसान, फोटो काढताय की एक्सरे? माझा टोफू उतू चाललाय." डाव्या खिशात कॅमेरा, उजव्या खिशात पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत फिल्टर आणि नळी. रोज संध्याकाळी आरशासमोर उभा राहून तो ते बाहेर काढायचा, बसवायचा आणि घड्याळ बघायचा. शेवटी अकरा सेकंदांवर आला. ह्या अकरा सेकंदांचा त्याला अभिमान वाटायला लागला. प्रश्नाचा सराव मात्र त्यानं एकदाही केला नाही.

मित्सुए ठरल्या गाडीनं आली. स्टेशनच्या जिन्यावरून कठडा धरून, एकेक पायरी जोडपावलांनी उतरली. केस अगदी आखूड कापलेले आणि पार पांढरे. जांभळं जाकीट नव्हतं. राखाडी कोट होता. वर्षभरात ती एवढी म्हातारी झाली आणि आपण तिथे नव्हतो, असं शोझोच्या मनात आलं.

"वाळलात," ती म्हणाली.

"तू बरी आहेस."

"कुठली बरी! हे गुडघे बघा. फुसाए म्हणते, ताई, तू चालतेस तेव्हा घरात कुणीतरी खारे दाणे खातंय असं वाटतं."

शोझो हसला. घरात हसण्याचा आवाज काढायची त्याची सवय मोडली होती, त्यामुळे तो खोकल्यासारखा आला.

थडगं टेकडीवर होतं. बांधावर त्या आठवड्यात येणारी लाल फुलं आली होती. मित्सुएनं बाह्या सारल्या, ब्रशनं दगड घासला, अक्षरांच्या खाचांतलं शेवाळ काडीनं काढलं. शोझो बादलीतून पाणी देत होता. तिनं घरून आणलेले गोड पुरणात घोळवलेले भाताचे गोळे समोर ठेवले, उदबत्ती लावली आणि दगडाशी बोलायला लागली, "सासूबाई, यंदा साखर कमी पडली हो. आणि पुढच्या वर्षी मी येणार नाही, रागावू नका. तुमचा मुलगा येईल. तो ब्रश नीट मारणार नाही, पण पाणी चांगलं घालतो."

शोझोचा हात डाव्या खिशात होता. पण थडग्यासमोर फोटो काढू नये म्हणतात. त्यानं हात बाहेर काढला.

"खिशात काय आहे?" मित्सुएनं मागे न बघता विचारलं.

"काही नाही."

"सकाळपासून काही नाहीला चाचपताय."

खाली तळ्याकाठी आल्यावर त्यानं अखेर कॅमेरा काढला. ऊन चांगलं होतं, मागे पाणी होतं, पाण्यात दोन बदकं. "तुझा एक फोटो काढू?" तो म्हणाला.

मित्सुएनं त्या कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "माझा?"

"तुझाच."

"अहो, बदकं मधे येतील तुमच्या."

"येऊ देत."

ती जरा गोंधळली. मग तिनं केसांवरून हात फिरवला, कोटाचं वरचं बटण लावलं, हात समोर जुळवले आणि शाळेच्या फोटोत मुली उभ्या राहतात तशी ताठ उभी राहिली. चष्म्यावर आभाळ होतंच. शोझोनं डबी उघडली, नळी बसवली, फिल्टर बसवला. बरोब्बर अकरा सेकंद. मग तो कडी फिरवायला लागला. काचांवरचं आभाळ हळूहळू विरलं आणि मागे तिचे डोळे दिसायला लागले. ते त्याच्याकडे बघत होते, जरा लाजल्यासारखे, जरा घाईत. आत्ता विचारावं, त्याच्या मनात आलं. त्यानं तोंड उघडलं.

आणि सूर्यावर ढग आला.

"थांब हं," शोझो म्हणाला. "एवढा ढग जाऊ दे."

चाळीस वर्षांची खोड ती. उजेड गेला की घाई करायची नाही, वाट बघायची. तळं थांबायचं, डोंगर थांबायचा. मित्सुएही थांबली, अर्धं मिनिट, एक मिनिट. ढग मोठा होता. तिचे खांदे सैल झाले, जुळलेले हात सुटले. मग ती हसायला लागली. त्या हसण्यात राग नव्हता, म्हणूनच शोझोला ते लागलं.

"ढग जाऊ दे," ती म्हणाली. "हो. जाऊ दे. चला, भूक लागलीय मला."

"आत्ता येईल ऊन—"

"तुम्ही थांबा मग. मी सोबा खाऊन येते."

सोब्याच्या शेवयांच्या दुकानात दोघं समोरासमोर बसली. कॅमेरा बाकावर पडला होता, फिल्टर लावलेलाच. मित्सुए बहिणीच्या बागेतल्या मुळ्याविषयी बोलली, समुद्रावरच्या वाऱ्याविषयी, शेजारच्या कुत्र्याविषयी. शोझो हूं हूं करत होता आणि घशाशी आलेला प्रश्न शेवयांबरोबर गिळत होता. तिनं जेवायच्या काड्या खाली ठेवल्या आणि विचारलं, "तुम्हाला काही बोलायचंय का माझ्याशी?"

सरळ, स्पष्ट विचारलं. याहून सोपं कुणी काय करून देणार? दार उघडून, पायपुसणं झटकून ठेवल्यासारखं केलं तिनं.

"गाडीला अजून वेळ आहे," शोझो म्हणाला.

मित्सुएनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, मग मान हलवली आणि उरलेलं सूप पिऊन टाकलं. ह्या माणसाला काय म्हणावं? भिंगाचा केसाच्या हजाराव्या भागाएवढा फरक ज्याच्या अंगठ्याला कळायचा, त्याला हे कळलं नाही असं नाही. कळलं. जीभच उचलली नाही.

शोझोनं प्लॅटफॉर्म तिकीट काढलं आणि तो तिची पिशवी घेऊन वर आला. नऊ नंबरच्या डब्याची खूण जिथे रंगवली होती तिथे दोघं उभी राहिली. गाडी आली.

"बरं मग," मित्सुए म्हणाली. तिनं पिशवी घेतली. पिशवीच्या बंदावर दोघांची बोटं क्षणभर एकमेकांवर राहिली. "रात्री पांघरूण घेत जा. सासूबाईंना पाणी घाला."

"घालीन."

ती चढली. प्लॅटफॉर्मच्या बाजूच्याच खिडकीशी तिची जागा होती, तो थेट त्या खिडकीसमोर पिवळ्या रेघेपाशी जाऊन उभा राहिला. ह्या मार्गावर पुढे एकच रूळ आहे, समोरची गाडी आल्याशिवाय ही हलत नाही. कर्ण्यावरून सांगितलं, चार मिनिटं थांबेल. शोझोला वाटलं, चार मिनिटं म्हणजे चिक्कार. काचेतून बोलणं ऐकू जाणार नाही, पण ओठ तर दिसतील. चार शब्द आहेत. सावकाश म्हणू.

पण खिडकीत मित्सुए नव्हती. दुपारचं ऊन त्याच्या पाठीमागून येत होतं, आणि काचेत होतं ते आभाळ, मागच्या फलाटाचं छप्पर, आणि मधोमध टोपी घातलेला एक म्हातारा. ती कुठेतरी त्या म्हाताऱ्याच्या पोटात होती. शोझोनं हात हलवला. म्हाताऱ्यानंही हलवला. ती बघतेय की पिशवी वर ठेवतेय की डोळे मिटून बसलीय, काही कळेना. जी बघत नाही तिला काय विचारायचं? तिचा चेहरा दिसल्याशिवाय त्याची जीभ उचलेना. आणि तिचा चेहरा बघायचं साधन तर त्याच्या हातातच होतं.

त्यानं कॅमेरा वर धरला आणि कडी फिरवली. आभाळ हललं नाही. अर्थातच. समोर उभं राहून हा फिल्टर काचेवर काही करत नाही, हे तो नवशिक्यांना फोटोवाल्यांच्या मंडळाच्या सहलीत कितीदा शिकवायचा. तिरकं व्हावं लागतं. शोझो भराभर पाच-सहा पावलं मागच्या डब्याच्या दिशेनं गेला, चहाच्या यंत्रापलीकडे, खांबाच्या आडोशाला, आणि तिथून त्यानं खिडकीवर कॅमेरा रोखला.

कडी फिरवली. आभाळ फिकं झालं. छप्पर गेलं. आणि काचेमागून मित्सुए वर आली.

ती त्याच्याकडे बघत नव्हती. तो जिथे उभा होता त्या जागेकडे बघत होती. तिथे आता कुणी नव्हतं. तिनं कपाळ काचेला टेकवलं, जिन्याच्या बाजूला पाहिलं, मग पुन्हा त्याच जागेकडे. चष्मा काढला, बाहीला घाईनं पुसला, परत लावला. मग ती जागेवरून अर्धी उठली, दुखऱ्या गुडघ्यांवर, एक पंजा काचेवर ठेवून. तिचे ओठ हलले. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण तो शब्द शोझोनं चाळीस वर्षं रोज ऐकला होता. अहो.

एवढ्या वर्षांत हा चेहरा त्यानं कधी पाहिला नव्हता. तो समोर असला की ती चेहरा आवरून ठेवायची, आणि तो समोर नसला की बघायला तो नसायचा. चार वर्षं ती मनानंही आपल्याला सोडून गेली असं तो धरून चालला होता. आणि इथे ती चार मिनिटांसाठी तो दिसेना म्हणून कासावीस झाली होती. शोझोला इतकं हवंसं वाटलं तिचं ते बघणं, की तो ते बघतच राहिला. तिच्यासमोर जाऊन उभं राहायला हवं, हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला. तेवढ्यात बोटानं आपलं काम केलं. बारीक आवाज झाला, फोटो निघाला.

समोरची गाडी आली. घंटा वाजली.

"मित्सुए!" शोझो ओरडला आणि धावला. एकाहत्तर वर्षांचा माणूस, कॅमेरा धरलेल्या हातानं टोपी सांभाळत. खिडकीसमोर पोचला तर काचेत पुन्हा आभाळ, छप्पर आणि धापा टाकणारा म्हातारा. त्यानं दोन्ही हात हलवले. "मी येऊ का?" तो काचेला म्हणाला, मोठ्यानं, भर प्लॅटफॉर्मवर. "चिबाला! राहायला येऊ का?" शेजारी उभी असलेली शाळकरी मुलगी दचकून बाजूला सरली. गाडी हलली होती. आत मित्सुए अजून खिडकीशी होती, की हताश होऊन मागे टेकली होती, त्याला दिसलं नाही. डबा पुढे सरकला, मग दुसरा, मग तिसरा, आणि मग रूळ.

त्यानं फोटो उघडून पाहिला. फोटो उत्तम आला होता. उजेड बरोबर, काच स्वच्छ, चष्म्यावर एक कवडसा नाही. मातीची दिसेल म्हणाला होता इसोमुरा. तशी ती दिसत नव्हती. काचेवरचा पंजा, अर्धवट उघडं तोंड, आणि डोळे. ते त्यालाच शोधत होते, यात शंकेला जागा नव्हती. चार वर्षं ज्या प्रश्नापायी त्याच्या तोंडाला कुलूप होतं, त्याचं उत्तर त्यानं न विचारताच तिनं दिलं होतं. ते घ्यायला तेवढा तो तिथे हवा होता.

आता ती काय समजत असेल? गाडी सुटायचीही वाट न बघता निघून गेला, असंच. नाहीतर कुठेतरी आभाळाचा तुकडा बरा दिसला असेल, असं. दोन्ही तिला खरं वाटलं असतं, आणि दोन्हींबद्दल तिला बोल लावता आला नसता. शोझोनं फोन काढला, तिचा नंबर लावला. गाडीत बोलायचं नाही म्हणून तिनं फोन बंद ठेवला होता. ती फार शिस्तीची.

कर्मचारी झाडू घेऊन आला. "आजोबा, गाडी गेली की," तो म्हणाला. "कुणाला सोडायला आला होतात का?"

"बायकोला," शोझो म्हणाला.

मग तो दोन पावलं पुढे सरला आणि मित्सुए बघत होती नेमक्या त्या जागेवर, पिवळ्या रेघेपाशी, कॅमेरा खाली धरून बराच वेळ उभा राहिला.